व्हिडिओ संक्षेपण व रूपांतरण

व्हिडिओ संक्षेपण व रूपांतरण : चलत्‌चित्रे व त्यांच्या सोबतचा ध्वनी यांची अंकीय स्वरूपातील नोंद मूळच्यापेक्षा पुष्कळ कमी जागेत मावेल अशा रीतीने मांडण्याच्या क्रियेस व्हिडिओ संक्षेपण म्हणतात. एका साधनासाठी किंवा एका पद्धतीने केलेली नोंद दुसऱ्या साधनावर पाहता यावी म्हणून तिचे संकेतन, चित्राचे मोजमाप, माहितीचा दर किंवा फाइलची रचना बदलणे म्हणजे रूपांतरण होय. खिशात मावणारे चित्रदर्शक, भ्रमणध्वनी (मोबाइल) यांसारख्या साधनांचा पडदा लहान, साठवणक्षमता मर्यादित व विद्युत् घट छोटा असल्यामुळे या दोन्ही क्रिया तेथे बहुधा एकत्रच कराव्या लागतात. संक्षेपणाची बहुतेक प्रचलित तंत्रे माहितीचा काही भाग कायमचा गाळून टाकतात. त्यामुळे काय गाळावे व मूळ प्रत कशी राखावी, हे या विषयातील दोन मुख्य प्रश्न आहेत.

आवश्यकता : अंकीय चित्र हे चित्रांशांचे, म्हणजे पिक्सेलांचे, जाळे असते. दर सेकंदास अशी २५ किंवा अधिक स्थिर चित्रे एकापाठोपाठ दाखविल्याने गतीचा भास होतो. यांपैकी प्रत्येक स्थिर चित्रास चौकट म्हणतात. १,९२० × १,०८० चित्रांशांच्या चौकटीत २०,७३,६०० चित्रांश असतात. प्रत्येक चित्रांशाच्या रंगासाठी २४ बिट व सेकंदास २५ चौकटी धरल्यास दर सेकंदास सु. १२४ कोटी बिट इतकी माहिती निर्माण होते. या हिशेबाने २ तासांच्या चित्रपटास सु. १,१२० गिगॅबाइट जागा लागेल. याउलट एका थरातील सामान्य डीव्हीडी तबकडीची क्षमता ४.७ गिगॅबाइट एवढीच असते. कच्च्या स्वरूपातील व्हिडिओ साठविणे वा तारेवरून पाठविणे नित्य व्यवहारात अशक्यप्राय असल्याने संक्षेपणाशिवाय व्हिडिओ तबकडी, अंकीय दूरचित्रवाणी अथवा आंतरजालावरील चित्रप्रसारण यांपैकी काहीच शक्य झाले नसते.

मूलतत्त्वे : व्हिडिओमधील पुष्कळशी माहिती पुनरुक्त असते, या वस्तुस्थितीवर संक्षेपण आधारलेले आहे. ही पुनरुक्ती तीन प्रकारची असते. एकाच चौकटीत शेजारशेजारचे चित्रांश बहुधा एकसारखे असतात (उदा., निरभ्र आकाश किंवा भिंत). ही अवकाशीय पुनरुक्ती होय. एका चौकटीतील दृश्य पुढील चौकटीत थोड्याफार फरकाने तसेच असते. बातम्या देणाऱ्या निवेदकामागील पार्श्वभूमी मिनिटचे मिनिट बदलत नाही. ही कालिक पुनरुक्ती होय. तिसरा प्रकार मानवी दृष्टीशी निगडित आहे. डोळ्यास उजेडातील सूक्ष्म फरक चटकन जाणवतात, परंतु रंगातील तितकेच सूक्ष्म फरक जाणवत नाहीत. तसेच अत्यंत बारीक पोतातील चूक ठळक आकारातील चुकीइतकी लक्षात येत नाही. जे दिसणारच नाही ते नोंदविण्याचे कारण नाही, हे तत्त्व येथे लावले जाते.

पहिले दोन प्रकार मूळ माहितीस धक्का न लावता काही प्रमाणात दूर करता येतात. अशा संक्षेपणास निर्हानी संक्षेपण म्हणतात. त्यातून मूळ चित्र बिटागणिक जसेच्या तसे परत मिळते, परंतु फाइल साधारणतः निम्मी ते एकतृतीयांश एवढीच लहान होते. पंचवीसपट वा शंभरपट संक्षेपण हवे असल्यास तिसऱ्या प्रकाराचा आधार घेऊन माहिती गाळावीच लागते. यास सहानी संक्षेपण म्हणतात.

कार्यपद्धती : सहानी संक्षेपणाच्या बहुतेक पद्धती पुढील टप्प्यांनी जातात. प्रथम प्रत्येक चित्रांशाचे लाल, हिरवा व निळा हे घटक बदलून एक दीप्तीचा व दोन रंगभेदाचे असे तीन घटक केले जातात. दीप्ती प्रत्येक चित्रांशासाठी ठेवतात. रंगभेदाचे दोन घटक मात्र २ × २ अशा चार चित्रांशांच्या गटासाठी एकेकदाच नोंदवितात. त्यामुळे दर चित्रांशामागील सरासरी माहिती २४ बिटांवरून १२ बिटांवर येते, म्हणजे आरंभीच निम्मी होते. हा फरक सामान्य प्रेक्षकास बहुधा ओळखू येत नाही.

यानंतर चौकटीचे लहान चौरस ठोकळे पाडतात. ८ × ८ चित्रांशांच्या ठोकळ्यातील ६४ मूल्यांवर विविक्त कोज्या रूपांतर ही गणिती क्रिया केली असता ६४ नवे गुणांक मिळतात. पहिला गुणांक ठोकळ्याची सरासरी दीप्ती दर्शवितो. पुढील गुणांक अनुक्रमे अधिकाधिक सूक्ष्म चढउतार दर्शवितात. या क्रियेने माहिती कमी होत नाही, पण तिची फेरमांडणी होते. महत्त्वाची माहिती थोड्या गुणांकांत एकवटते व उरलेले गुणांक शून्याच्या जवळ येतात.

प्रत्यक्ष गाळणी पुढील टप्प्यात होते. तिला पुंजीकरण म्हणतात. प्रत्येक गुणांकास ठराविक संख्येने भागून उत्तर जवळच्या पूर्णांकात घेतले जाते. समजा, काही गुणांक १५७, ४३, −१२, ४ व −३ असे आहेत आणि भाजक १० आहे. पुंजीकरणानंतर त्यांचे १६, ४, −१, ० व ० होतात. व्हिडिओ पाहताना या संख्यांना पुन्हा १० ने गुणले असता १६०, ४०, −१०, ० व ० मिळतात. मूळ संख्या १५७ होती की १६२, हे आता कोणत्याही उपायाने सांगता येणार नाही. कारण १५५ ते १६४ यांमधील प्रत्येक पूर्णांकाचे रूपांतर १६ मध्येच होते. भाजक जितका मोठा तितकी शून्ये अधिक व फाइल लहान, परंतु चित्र तितकेच ओबडधोबड होते. चित्राची प्रत व फाइलचे आकारमान यांतील सर्व तडजोड मुख्यतः या एका टप्प्यात होते.

कालिक पुनरुक्ती घालविण्यासाठी गतिपूरण हे तंत्र वापरतात. चौकटीतील प्रत्येक ठोकळा आधीच्या चौकटीत कोठे होता हे शोधले जाते व ‘अमुक ठिकाणचा ठोकळा इतका उजवीकडे व इतका खाली सरकला’ एवढीच नोंद आणि उरलेला फरक साठविला जातो. त्यामुळे चौकटी तीन प्रकारच्या होतात : स्वयंपूर्ण चौकटी, मागील चौकटीवरून अनुमानित चौकटी आणि मागील व पुढील अशा दोन्ही चौकटींवरून अनुमानित चौकटी. डीव्हीडीवर साधारणतः १२ ते १५ चौकटींमागे एक स्वयंपूर्ण चौकट असते. व्हिडिओ पुढे सरकविताना तो नेमक्या क्षणी न थांबता किंचित अलीकडे वा पलीकडे थांबतो, याचे कारण बहुधा हेच असते. शेवटी मिळालेल्या संख्यांपैकी वारंवार येणाऱ्या संख्यांना आखूड व क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत देऊन आणखी बचत करतात.

ऐतिहासिक आढावा : माहितीचे मोजमाप करता येते व तिला एका मर्यादेपलीकडे निर्हानी रीतीने आक्रसता येत नाही, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखविले. १९५२ मध्ये डेव्हिड हफमन यांनी आखूड-लांब संकेत ठरविण्याची इष्टतम रीत मांडली. विविक्त कोज्या रूपांतर हे बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्या सहकार्याने १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. अहमद तेव्हा अमेरिकेतील कॅनझस स्टेट विद्यापीठात होते. या संशोधनासाठी त्यांनी मागितलेले अर्थसाहाय्य नाकारण्यात आले होते. पुढे याच रूपांतराच्या पायावर स्थिरचित्रांची व चलत्‌चित्रांची बहुतेक आंतरराष्ट्रीय मानके उभी राहिली.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या सल्लागार समितीचे एच. २६१ हे मानक १९८८ साली आले. ते दूरध्वनीच्या अंकीय तारांवरून चित्रसंभाषण करण्यासाठी होते. त्याच वर्षी एमपेग या नावाने परिचित असलेला तज्ञांचा गट स्थापन झाला. १९९३ मधील एमपेग-१ हे मानक व्हिडिओ सीडीसाठी वापरले गेले. तिच्यात ३५२ × २८८ चित्रांशांची चौकट व चित्रासाठी सेकंदास ११.५ लाख बिट हा दर असे. रंगमाहिती निम्मी केल्यानंतरच्या ३ कोटी ४ लाख बिटांशी तुलना करता हे संक्षेपण सु. २६ पट होते. भारतात मराठी व हिंदी चित्रपट घरोघरी पोहोचविण्यात दोन-तीन तबकड्यांच्या या संचांचा वाटा मोठा होता. १९९५ च्या सुमाराचे एमपेग-२ हे मानक डीव्हीडी व अंकीय दूरचित्रवाणी यांनी स्वीकारले. २००३ मध्ये दोन्ही संस्थांनी मिळून तयार केलेले एच. २६४ हे मानक आले. एमपेग-२ च्या जवळजवळ निम्म्या दराने तितकेच चांगले चित्र त्याने मिळू लागले व हातातील साधनांवर चित्रपट पाहणे व्यवहार्य झाले. त्यानंतर एच. २६५ (२०१३) व एच. २६६ (२०२०) ही मानके आणि स्वामित्वशुल्काविना वापरता यावे या हेतूने तयार केलेले एव्ही१ (२०१८) हे संकेतन पुढे आले.

संकेतन व वेष्टन : व्हिडिओ फाइलच्या नावाअखेरची एव्हीआय, एमपी४, थ्रीजीपी, एमकेव्ही ही अक्षरे चित्राचे संकेतन सांगत नाहीत. ती केवळ वेष्टनाचा प्रकार सांगतात. चित्र, ध्वनी व उपशीर्षके यांचे प्रवाह एकत्र बांधून त्यांचा काळमेळ राखणे हे वेष्टनाचे काम. त्याच्या आत कोणते संकेतन आहे हा स्वतंत्र प्रश्न असतो. म्हणून एक एमपी४ फाइल एखाद्या साधनावर चालते व दुसरी चालत नाही. संकेतन योग्य असून केवळ वेष्टन अयोग्य असेल, तर आतील प्रवाह न उलगडता वेष्टन बदलता येते. हे काम अल्पकाळात होते व चित्राची यत्किंचितही हानी होत नाही. संकेतनच बदलावयाचे असल्यास मात्र प्रवाह पूर्ण उलगडून पुन्हा संक्षेपित करावा लागतो. या दोन क्रियांतील फरक न ओळखल्यामुळे पुष्कळदा अकारण पुनःसंक्षेपण केले जाते.

हातातील साधनांसाठी रूपांतरण : या प्रकारच्या रूपांतरणाचा प्रसार सु. २००४ ते २०१२ या काळात विशेष झाला. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबल या खेळयंत्राचा (२००४) पडदा ४८० × २७२ चित्रांशांचा होता. ॲपल कंपनीच्या व्हिडिओ दाखविणाऱ्या पहिल्या आयपॉडचा (२००५) पडदा २.५ इंचांचा व ३२० × २४० चित्रांशांचा होता. एच. २६४ संकेतनातील फाइल असल्यास तो आरंभी ३२० × २४० चित्रांश व सेकंदास ७६८ किलोबिट यांपलीकडील व्हिडिओ स्वीकारीत नसे. त्याच्या ३० गिगॅबाइटच्या प्रतिकृतीवर एकदा भारित केलेला घट व्हिडिओ पाहताना सु. २ तास पुरे. त्या काळातील अनेक भ्रमणध्वनींवर १७६ × १४४ चित्रांशांच्या थ्रीजीपी फाइलीच चालत. भारतात गावोगावच्या मोबाइल दुकानांतून गाणी व चित्रपट अशा छोट्या फाइलींच्या रूपाने मेमरी कार्डात भरून दिले जात. स्वस्त व वेगवान आंतरजाल सर्वत्र नसताना हा प्रसाराचा एक मार्गच बनला होता, मात्र त्यांतील पुष्कळशा प्रती प्रताधिकाराचा भंग करणाऱ्या असत. भारतीय प्रताधिकार अधिनियमातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार हक्कभंगाच्या हेतूने तबकडीचे तांत्रिक संरक्षण मोडणे हा गुन्हा आहे. स्वतः चित्रित केलेल्या वा रीतसर परवानगी असलेल्या नोंदींबाबत हा प्रश्न उद्‌भवत नाही.

डीव्हीडीच्या स्वरूपातील नोंद आयपॉडसारख्या पडद्यासाठी बदलताना करावा लागणारा विचार उदाहरणादाखल पुढे दिला आहे. भारतात वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत डीव्हीडीची चौकट ७२० × ५७६ चित्रांशांची असते. रुंद पडद्याच्या चित्रपटात हे चित्रांश चौरस नसून आडवे ताणलेले असतात व प्रत्यक्ष दिसणारे प्रमाण १६ : ९ असते. हे ध्यानात न घेता चौकट सरळ लहान केल्यास माणसे उंच व किडकिडीत दिसतात. ३२० चित्रांशांच्या रुंदीस १६ : ९ प्रमाणाने १८० ही उंची येते. परंतु संकेतन १६ × १६ चित्रांशांच्या ठोकळ्यांनी चालते व १८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून प्रमाणात किंचित फरक पत्करून किंवा कडा अल्पशी छाटून १७६ ही उंची घेणे सोयीचे ठरते. ३२० × १७६ या चौकटीतील चित्रांशांची संख्या मूळच्या सु. सातव्या भागाएवढीच असते, आणि लहान पडद्यास तेवढी पुरते.

दूरचित्रवाणीसाठी केलेल्या चित्रणात एकाआड एक ओळींची दोन अर्धचित्रे मिळून एक चौकट होते. ही दोन अर्धचित्रे वेगवेगळ्या क्षणांची असल्यामुळे ती आधी योग्य रीतीने एकरूप करावी लागतात. तसे न करता चित्र लहान केल्यास हालणाऱ्या वस्तूंच्या कडांवर फणीच्या दात्यांसारख्या रेषा दिसतात व त्या नंतर काढता येत नाहीत. ध्वनी सहा वाहिन्यांचा असल्यास तो दोन वाहिन्यांत मिसळावा लागतो. संवाद बहुधा मधल्या वाहिनीत असल्याने तिला योग्य वजन न दिल्यास पार्श्वसंगीत मोठे व संवाद पुसट ऐकू येतात. डीव्हीडीवरील उपशीर्षके ही अक्षरे नसून चित्रे असतात. ती चौकटीबरोबर लहान झाल्यावर वाचता येत नाहीत, म्हणून वेगळी करून मोठ्या अक्षरांत लावावी लागतात.

शेवटी साधनाच्या विसंकेतकाची कुवत पहावी लागते. एच. २६४ मानकात साध्या ते गुंतागुंतीच्या अशा अनेक श्रेणी आहेत. पहिल्या आयपॉडला सर्वांत साधी श्रेणीच उलगडता येई. तिच्यात पुढील व मागील अशा दोन्ही चौकटींवरून अनुमान केलेल्या चौकटी नसतात. अधिक गुंतागुंतीच्या श्रेणीत फाइल लहान होते, पण ती उलगडण्यास अधिक गणिती श्रम व म्हणून अधिक विद्युत् शक्ती लागते.

आकारमानाचे गणित : फाइलचे आकारमान चौकटीच्या मोजमापावर प्रत्यक्षपणे अवलंबून नसते. सेकंदास किती बिट खर्च करावयाचे तो दर, म्हणजे बिट-दर, आणि कालावधी यांचा गुणाकार म्हणजे आकारमान होय. २ तासांच्या चित्रपटासाठी चित्रास ५०० व ध्वनीस ९६ असा सेकंदास ५९६ किलोबिट दर ठेवल्यास फाइल सु. ५३६ मेगॅबाइट होते. उलट बाजूने, तोच चित्रपट २५६ मेगॅबाइटच्या कार्डात बसवावयाचा असल्यास एकूण दर सु. २८४ किलोबिट पडतो. त्यातून ध्वनीसाठी ६४ वजा केल्यास चित्राच्या वाट्यास २२० किलोबिट राहतात. इतक्या दरात चौकट मोठी ठेवल्यास प्रत्येक ठोकळ्याच्या वाट्यास फारच थोडे बिट येतात व चित्र फुटते. अशा वेळी चौकट लहान करणेच हितावह असते.

सर्व दृश्यांस सारखाच दर देणे किफायतशीर नसते. स्थिर संभाषणास थोडे बिट पुरतात. याउलट पाऊस, समुद्राच्या लाटा, वारीतील गर्दी किंवा गुलालाची उधळण अशा दृश्यांत प्रत्येक कण स्वतंत्रपणे हलत असल्याने गतिपूरण निष्प्रभ ठरते. यासाठी दोन फेऱ्यांची रीत वापरतात. पहिल्या फेरीत सर्व चित्रपट तपासून कोणते दृश्य किती कठीण आहे याची नोंद होते. दुसऱ्या फेरीत त्यानुसार बिटांची वाटणी केली जाते. आकारमानाचे बंधन नसल्यास दर न ठरविता दर्जा ठरवून देणे अधिक चांगले. फॅब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेला एफएफएमपेग हा मुक्त कार्यक्रमसंच व त्यासारख्याच मुक्त कार्यक्रमांवर आधारलेला हँडब्रेक यांत या सर्व क्रिया करता येतात.

दोष व मर्यादा : बिट अपुरे पडल्यास चित्रात ठराविक दोष दिसतात. ठोकळ्यांच्या सीमा उघड्या पडून चौकोन दिसू लागतात. अक्षरे व तीव्र कडा यांभोवती धूसर कंप उमटतो. आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात पट्टे पडतात. त्वचा व कापड यांचा पोत नाहीसा होऊन ती मेणासारखी भासतात.

सर्वांत गंभीर मर्यादा पिढीगत हानीची होय. संक्षेपित फाइल जशीच्या तशी कितीही वेळा नकलली तरी तिच्यात फरक पडत नाही. परंतु ती उलगडून पुन्हा संक्षेपित केली, की पहिल्या वेळच्या चुका मूळ चित्राचाच भाग समजून नोंदविल्या जातात व त्यांत नव्या चुकांची भर पडते. लहान केलेली फाइल पुन्हा मोठी केल्याने गेलेला तपशील परत येत नाही. चित्रांश वाढतात, माहिती वाढत नाही. तपशील भरून काढणारे आधुनिक कार्यक्रम तो पुनःप्राप्त करीत नाहीत. ते संभाव्य तपशील कल्पून घालतात. पुराव्यासाठी वा इतिहासाच्या अभ्यासासाठी हा भेद निर्णायक ठरतो.

या कारणाने अभिलेखागारांत दोन प्रती वेगळ्या ठेवण्याची रीत आहे. जतन-प्रत निर्हानी संकेतनात किंवा साध्य त्या सर्वोच्च दर्जात राखतात व अवलोकनासाठी तिच्यापासून लहान प्रत काढतात. एफएफव्ही१ हे अशा जतनासाठी वापरले जाणारे एक निर्हानी संकेतन असून त्याचे विनिर्देशन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. घरगुती चित्रणासही हाच नियम लागू पडतो. २००० नंतरच्या दशकात साठवण महाग असल्याने लग्नकार्याच्या वा घरातील वडीलधाऱ्यांच्या चित्रणाची छोटी थ्रीजीपी प्रत करून मूळ फीत वा फाइल पुसून टाकली गेली असेल, तर आजच्या मोठ्या पडद्यावर ती प्रत पाहताना चेहरे ओळखणेही कठीण जाते. ही हानी कोणत्याही रूपांतरणाने भरून येत नाही.

सद्यःस्थिती : आजच्या भ्रमणध्वनींचे पडदे १,९२० × १,०८० वा त्याहून अधिक चित्रांशांचे असून त्यांत एच. २६४ व एच. २६५ उलगडणारी स्वतंत्र मंडले असतात. भारतात २०१६ नंतर चौथ्या पिढीची स्वस्त सेवा पसरल्यामुळे कार्डात फाइल भरून नेण्याची गरज बरीच कमी झाली. तथापि रूपांतरण थांबलेले नाही. ते वापरणाऱ्याच्या घरातून प्रसारकाच्या संगणकांकडे गेले आहे. तेथे एकाच चित्रपटाच्या निरनिराळ्या बिट-दरांच्या प्रती तयार ठेवतात व जोडणीच्या वेगानुसार प्रेक्षकास क्षणोक्षणी त्यांतील योग्य ती पाठवितात. संदेशवहनाच्या सेवाही पाठविलेला व्हिडिओ बहुधा आपणहून पुन्हा संक्षेपित करतात. त्यामुळे हातोहात फिरलेली प्रत मूळ प्रतीहून निकृष्ट असते. महत्त्वाचे चित्रण अशा मार्गाने न पाठविता मूळ फाइलच्याच स्वरूपात पाठविणे व चित्रण केलेली पहिली प्रत वेगळ्या ठिकाणी जतन करणे इष्ट होय.